पेकन बाउलचा एक प्रेक्षक

पद्माकरकाका सुखटणकर कुठेही गेले की आधी माणसं मोजत. गणपतीच्या कार्यक्रमात कुणी माइकवरून "आज इथे तीनशे रसिक जमले आहेत" असं म्हटलं की काका माझ्या नवऱ्याच्या, निशिकांतच्या कानाला लागत. "एकशे ब्याऐंशी. त्यातले अकरा स्वयंपाकघरात." त्यांची बायको शैलाताई सांगायच्या, "आमच्या लग्नात हे पाटावरून मोजत होते. भटजी म्हणाले सावधान, तर हे माझ्याकडे बघून म्हणतात, दोनशे सहा."

त्यांचा पेशाच तसा होता. १९७४ साली ते सिंगापूरला आले ते जहाजांची पाहणी करणाऱ्या एका छोट्या कंपनीत. जहाजात किती माल भरला हे कागदावर लिहिलेलं असतंच. खरोखर किती भरला, ते जहाज पाण्यात किती खाली गेलं यावरून काढायचं, हे काकांचं काम. लहानशा होडीत बसून जहाजाभोवती फिरायचं, त्याच्या अंगावर रंगवलेले आकडे पाण्याच्या रेषेपाशी वाचायचे आणि मग गणित करायचं. कागदाचा आकडा आणि पाण्याचा आकडा जुळला नाही तर ते पाण्याचा धरत. तीस वर्षांत कुठल्याही कप्तानाच्या गोड बोलण्यानं त्यांनी आकडा बदलला नाही, असं त्यांचे सहकारी सांगत.

आम्ही १९९४ साली निशिकांतच्या बँकेतल्या नोकरीमुळे इथे आलो आणि हौगांगमध्ये त्यांच्यापासून दोन ब्लॉक सोडून राहिलो. आमची ऋता तेव्हा आठ वर्षांची होती. काका-शैलाताईंना मूल नाही. ऋता शाळेतून परस्पर त्यांच्याकडे जायची, शैलाताईंच्या हातची घावनं खायची, आणि संध्याकाळी मी आणायला गेले की "आई, फाइव्ह मिनिट्स लाह" असं इथल्या पोरांच्या थाटात म्हणत दाराला लोंबकळायची. मी काळजी करणारी बाई आहे, हे एकदाच सांगून टाकते. पोरगी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसली की उतरल्याचा फोन येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नसे. काकांच्या घरी मात्र तिला ठेवलं की मी घड्याळाकडे बघत नसे. सबंध शहरात माझ्यासाठी तशी ती एकच जागा होती. त्याच माणसाच्या आयुष्यातली एक गोष्ट माझ्यामुळे गेली, आणि ती परत येण्यासारखी नाही.

काका १९६९ ते ७१ अमेरिकेत शिकायला होते. हार्लन स्टेट नावाचं, मक्याच्या शेतांच्या मधोमध वसलेलं सरकारी विद्यापीठ. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून थेट तिथे. तिकडचं फुटबॉल पायानं कमी आणि हातानं जास्त खेळतात. लांबट चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर पडून अडवायचं. कॉलेजांच्या सामन्यांना तिकडे गावंच्या गावं लोटतात. हार्लनच्या संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. काकांना पहिल्या थंडीत कुणीतरी गर्दीत ऊब मिळेल म्हणून सामन्याला ओढून नेलं आणि ते कायमचे बगळ्यांचे झाले. सत्तरच्या दशकात त्यांना निकाल तीन आठवडे शिळ्या वर्तमानपत्रात कळत. पुढे इंटरनेट आलं. तिकडच्या शनिवारी संध्याकाळी म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी ते संगणकासमोर बसून एकेक ओळ वाचत. शैलाताई चहा ठेवताना विचारायच्या, "काय, तुमच्या बगळ्यांनी आज किती मार खाल्ला?" बहुतेक वेळा खाल्लेलाच असायचा.

या खेळाचा हंगाम संपला की डिसेंबर-जानेवारीत जे खास सामने होतात त्यांना बाउल म्हणतात. नावं संत्र्याची, साखरेची, गुलाबाची. हे बाउल मुळात दक्षिणेतल्या उबदार गावांनी थंडीत पाहुणे यावेत, हॉटेलं भरावीत म्हणून सुरू केले. त्यामुळे कोणाला बोलवायचं हे ठरवताना संघ कसा खेळतो याच्याबरोबरच त्याच्यामागे माणसं किती येतील तेही पाहतात. १९७० साली हेरन्सनी सात सामने जिंकले होते. तेव्हा बाउल मोजकेच होते. आमंत्रणाच्या दिवशी काका आणि वसतिगृहातली मुलं जिन्याखालच्या फोनभोवती बसून राहिली. फोन वाजला तो कुणाच्या तरी आईचा. त्यानंतर पस्तीस वर्षं हेरन्सना कुणी बोलावलं नाही.

ऋता इथल्या शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवायची. काकांनी तिला हार्लनच्या बँडची चित्रफीत दाखवली. अडीचशे मुलं मैदानावर चालता चालता वाजवतात, पाय एकाच वेळी पडतात. बारावीनंतर तिनं तिथेच जायचं म्हणून हट्ट धरला. मला नको होतं. काका आमच्याकडे येऊन बसले. "सविता, हिवाळा कडक आहे, माणसं मऊ आहेत. जाऊ दे तिला." त्यांच्या शब्दावर मी २००४ साली तिला पाठवलं.

आणि २००६ साली हेरन्सनी बारापैकी सहा सामने जिंकले. त्या वर्षापासून सहा जिंकणारेही बाउलला पात्र होणार होते आणि बाउल बत्तीस झाले होते. पेकन, म्हणजे अक्रोडासारख्या एका फळाच्या नावाच्या लहानशा बाउलला हार्लन आणि आणखी एक संघ यांतून निवडायचं होतं. त्या बाउलच्या कुणा अधिकाऱ्याचं बोलणं तिकडच्या पेपरात आलं. हार्लन चांगलं आहे, पण त्यांची माणसं प्रवास करत नाहीत.

काकांनी ते आमच्या डायनिंग टेबलाशी उभं राहून वाचून दाखवलं. कागद खिशात ठेवला, पुन्हा काढला.

"झोंबलं का काका?" निशिकांत हसत म्हणाला.

"झोंबलं. कारण खरं आहे. पस्तीस वर्षं मी बगळे, बगळे करतोय. किती वेळा गेलो मी? एकदाही नाही."

विद्यापीठानं जगभरच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र पाठवलं होतं. या, आणि येता येत नसेल तर निदान तिकीट घ्या. तुमचं तिकीट तिथल्या शाळेतल्या मुलांना देऊ, पण विक्रीच्या आकड्यात ते हार्लनचं धरलं जाईल.

"मग हे बरंय की," निशिकांत म्हणाला. "तिकीट घ्या आणि इथे आरामात टीव्हीवर बघा. आकड्यात तुम्ही आलातच."

"तो कागदाचा आकडा झाला. कागदानं जहाज खाली जात नाही, निशिकांत. वजन लागतं."

काकांनी हाँगकाँगपासून दुबईपर्यंत हार्लनचे माजी विद्यार्थी शोधून काढले आणि चौदा जणांकडून येतो असं लिहून घेतलं. त्यानं काही फरक पडला की नाही, देव जाणे. पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमंत्रण हार्लनला मिळालं. सामना अठ्ठावीस तारखेला. बँडही जाणार होता, म्हणजे ऋताही. त्या दिवशी काका बॅडमिंटन कोर्टाजवळ उभे राहून मला खालून हाका मारत होते. साठ वर्षांचा माणूस. "सविता! अगं बोलावलं!" वरच्या मजल्यावरच्या चिनी आजी काय झालं म्हणून कठड्यावरून बघायला लागल्या.

शैलाताईंचा गुडघा दुखत होता. "मी नाही यायची. एवढ्या लांब जाऊन बगळ्यांना टाळ्या कुठे वाजवू? तुम्ही जा, आणि सगळी माणसं मोजून झाल्याशिवाय येऊ नका."

एका जहाजाचं काम असल्यामुळे त्यांना सव्वीसपर्यंत निघता येत नव्हतं. सत्तावीसच्या पहाटेचं विमान, टोकियोमार्गे त्याच दिवशी सकाळी लॉस एंजेलिस, तिथून पुढचं विमान तीन तासांनी. रात्री मुक्कामाला त्या गावात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सामना.

आता माझं ऐका. इथल्या आपल्या घरांत कुणी अमेरिकेला निघालं की बातमी त्याच्या आधी पोचते आणि पिशव्या मागून. माझी एकुलती एक पोर तिथे, आणि काका तिला भेटणार. मी चार दिवस तळत होते. चकल्या, बेसनाचे लाडू, गोडा मसाला, भाजणी. काकांनी स्वतःचे दोन स्वेटर काढून जागा केली.

"काय वाट्टेल ते दे," ते म्हणाले. "तळलेलं, भाजलेलं, कुटलेलं. एकच सांगतो, हिरवं काही नको. पानं नकोत, मुळ्या नकोत. तिथे उतरल्यावर फॉर्म भरावा लागतो आणि मी त्यावर सही करणार."

"नाही हो काका. हिरवं कशाला देईन?"

"कढीपत्ता?"

"नाही म्हटलं ना."

सव्वीस तारखेला ऋताचा फोन आला. बँडचा सराव बाहेर थंडीत चालू होता आणि तिला खोकला झाला होता. बोलता बोलता दोनदा तिनं फोन बाजूला धरला. "नथिंग लाह, आई. एव्हरीबडी इज सिक." मी फोन ठेवला आणि कॉरिडॉरमधल्या कुंडीपाशी गेले. गवती चहाची जुडी कापली. ओल्या हळदीची चार बोटं टेक्काच्या बाजारातून आणलेली होती. कुंडीत कढीपत्ता होता, त्याच्याही दोन डहाळ्या तोडल्या, कारण हात तिथे होताच. सगळं ओल्या कागदात गुंडाळलं, निशिकांतच्या नव्या मोज्यांत घातलं, आणि मोजे लाडवांच्या स्टीलच्या डब्याखाली सारून वर भाजणीची पिशवी ठेवली. बॅग घेऊन आलेले काका बाहेर निशिकांतशी बोलत बसले होते. मला वाटलं, एवढ्याशा पानांनी काय होतंय. मला वाटलं, ऋता डबा उघडेल तेव्हा तिला वास येईल. काकांना सांगितलं तर ते काढायला लावतील, हेही मला माहीत होतं. म्हणूनच सांगितलं नाही.

एकोणतीसच्या सकाळी नऊला, म्हणजे तिकडे अठ्ठावीसच्या संध्याकाळी, आम्ही शैलाताईंकडे टीव्हीसमोर बसलो. केबलवर सामना लागला होता. कॅमेरा फिरला. निम्मं स्टेडियम रिकामं होतं. वरच्या मजल्यावर तर रांगाच्या रांगा नुसत्या चकाकत होत्या.

"एवढ्या मोकळ्या जागेत तरी दिसायला हवेत," शैलाताई म्हणाल्या. "निळी टोपी घालून गेलेत. बघ गं."

आम्ही सबंध सामना निळ्या टोप्या शोधत पाहिला. बँड दोनदा दिसला, ट्रॉम्बोनची रांग एकदा, त्यातली ऋता कोणती ते कळण्याआधी चित्र बदललं. शेवटच्या सेकंदाला हेरन्सनी चेंडू खांबांमधून मारला आणि सत्तावीस-चोवीसनं जिंकले. त्यांच्या इतिहासातला पहिला बाउल, आणि तो जिंकला. मुलं मैदानात धावली. शैलाताईंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि मग स्वतःलाच हसल्या. "बाई गं. मी पण बगळीण झाले." मला आठवतं, मी म्हटलं होतं, "काकांचं आयुष्य सार्थकी लागलं."

काका चार जानेवारीला परत आले. रविवारी आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. त्यांनी सगळं सांगितलं. गार वारा होता, शेजारी हार्लनचाच १९६५ सालचा एक म्हातारा बसला होता, शेवटच्या किकच्या वेळी त्यानं काकांचा हात धरला होता. ऋता बरी होती, खोकला कमी होता, लाडू पोचले.

"लोक किती होते काका?" निशिकांतनं विचारलं. हा प्रश्न आम्ही नेहमी त्यांना खुलवायला विचारत असू.

काकांनी आमटी भातावर घेतली. "जाहीर आकडा एकोणीस हजार चारशे आठ."

"आणि तुमचा?"

"मी या वेळी खेळ बघत होतो," ते म्हणाले.

निशिकांत हसला. मीही हसले. मी त्यांना आणखी एक पोळी वाढली.

त्यानंतर चारेक महिने ते आमच्याकडे आले नाहीत. शैलाताई एकट्याच यायच्या. म्हणायच्या, त्यांचा पण गुडघा धरलाय. मी गुडघ्याला लावायचं तेल पाठवलं. मेच्या सुमारास ते पुन्हा येऊ लागले, पूर्वीसारखेच. मी ते विसरूनही गेले.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. ऋता आता शिकागोला नोकरी करते. निशिकांतच्या ऑफिसातली मीनल शिकागोला निघाली होती आणि मी फोनवर ऋताला विचारत होते की काय पाठवू. थोडी ओली हळद पाठवते, म्हटलं, मीनलला सांगायची गरज नाही, मी नीट गुंडाळून देईन.

"आई, प्लीज. नॉट अगेन. काकांचं झालं तेवढं पुरे नाही का?"

"काकांचं काय झालं?"

मला वाटलं फोन कटला.

"ऋता?"

"शिट," ती म्हणाली. "मी प्रॉमिस केलं होतं."

मग तिनं सांगितलं. लॉस एंजेलिसला उतरल्यावर काकांनी फॉर्मवर लिहिलं होतं की खाण्याचे पदार्थ आहेत. पानं, मुळं, रोपं या रकान्यापुढे नाही म्हणून खूण केली होती आणि सही केली होती. सामानापाशी एका कुत्र्यानं बॅग हुंगली आणि तिच्याशेजारी बसला. काका त्या अधिकाऱ्याला हसून म्हणाले, लाडू आहेत, त्याला आवडतील. बॅग उघडली. मोजे निघाले. मोज्यांतून डहाळ्या निघाल्या. कॅलिफोर्नियात संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लागतो म्हणून कढीपत्त्याला अगदी बंदी आहे, हे मला आज माहीत आहे. बॅग तुम्ही भरली का, असं विचारलं. काका हो म्हणाले. सोबत कुणी काही दिलं का? काका नाही म्हणाले. मग दुसऱ्या खोलीत नेलं, सगळी बॅग टेबलावर रिकामी केली, कागद केले, दंड केला. चार तास. पुढचं विमान गेलं. नाताळची गर्दी, प्रत्येक विमान भरलेलं. ती रात्र ते खुर्चीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ह्यूस्टनपर्यंत जागा मिळाली आणि तिथून पुढचं विमान रात्री साडेअकराचं. सामना सुरू झाला तेव्हा ते ह्यूस्टनच्या विमानतळावर एका बारच्या टीव्हीखाली उभे होते.

"सकाळी आमच्या बसेस निघत होत्या तेव्हा ते हॉटेलच्या पार्किंगमध्ये आले," ऋता म्हणाली. "टोपी घालून. लाडवांचा डबा दिला. म्हणाले, आईला नाही सांगायचं, ती धरून बसेल. मी रडले, तर मलाच म्हणाले, जिंकलो ना वेडे. आई, शेजारचा ओल्ड मॅन वगैरे त्यांनी बनवलं असेल. आय डोन्ट नो."

त्या जेवणातली एकेक गोष्ट मला आठवायला लागली. जन्मभर दुसऱ्याचा आकडा न मानणाऱ्या माणसानं जाहीर आकडा सांगितला होता आणि मी पोळी वाढली होती. तो आकडा विकलेल्या तिकिटांचा. त्या एकोणीस हजार चारशे आठमध्ये काका आहेत. कागदावर आहेत. त्यांना जिथे एकदा तरी वजनानं असायचं होतं, तिथे त्यांची खुर्ची टीव्हीवर चकाकत होती आणि मी तिच्याकडे बघत त्यांची टोपी शोधत होते.

आठवडाभर मी कुणाला काही बोलले नाही. निशिकांतला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आता काय उपयोग आहे? त्यांनी लपवलंय तर राहू दे." पण मला राहवेना. पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले.

शैलाताईंनी दार उघडलं. माझा चेहरा बघून त्या आत वळून म्हणाल्या, "अहो, हिला कळलं."

काका संगणकासमोर होते. त्यांनी चष्मा काढला. "ऋता?"

"तिला रागावू नका. चुकून बोलली."

"तिला कशाला रागावू?"

मी बसले आणि रडायला लागले. बोलायचं ते ठरवून गेले होते, त्यातलं अर्धं बोलले. माफ करा, म्हटलं. तुम्ही मला विचारलं होतं आणि मी तोंडावर खोटं बोलले, म्हटलं. शैलाताईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"मला राग आला होता सविता," काका म्हणाले. "खूप. गुडघा-बिडघा काही नव्हतं. तुझ्या घरी यायला नको वाटायचं."

"मग मला बोलायचं होतंत. शिव्या द्यायच्या होत्यात."

"कशाला? हेच झालं असतं." त्यांनी माझ्या हातातल्या रुमालाकडे हात केला. "तू रडत बसली असतीस आणि मी तुझी समजूत काढत बसलो असतो. मला माझा राग माझ्याजवळ ठेवायचा होता."

"तिथून फोन करून मला विचारतात," शैलाताई म्हणाल्या, "तुला ऋता दिसली का? मी म्हटलं, अहो, तुम्ही तिथे आणि मला काय विचारता? तेव्हा सांगितलं."

"तीस तास प्रवास केला," काका म्हणाले, "आणि काय केलं? टीव्ही बघितला. त्या बारमध्ये कुणीतरी मध्येच चॅनल बदलला, मी हात जोडून परत लावायला सांगितला. शेवटची किक बघताना आजूबाजूला एकाचंही लक्ष नव्हतं. मी ओरडलो, तर बारमधलं पोरगं मला म्हणालं, सर, प्लीज."

मी म्हटलं, बगळे पुन्हा बाउलला गेले तर आपण सगळे जाऊ. निशिकांत तिकिटं काढेल. ऋता तिथेच आहे. मी भराभर बोलत होते.

"आधी सहा जिंकायला हवेत," ते म्हणाले. त्यानंतरच्या दोन वर्षांत हेरन्स चार आणि तीन जिंकले होते, या वर्षी पहिले तीन हरले होते. "आणि जिंकले तरी ती दुसरी वेळ असेल. पहिली होऊन गेली."

हे त्यांनी चिडून म्हटलं नाही. जहाजाचा आकडा सांगावा तसं सांगितलं. मग लक्षात आलं की ते काही वेळापासून संगणकाकडे बघतायत. सामना चालू होता. माझ्यामुळे त्यांच्या किती ओळी वाचायच्या राहिल्या होत्या कोण जाणे.

मी उठले. त्यांचा ब्लॉक जुना आहे, लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नाही. सातव्या मजल्यावरून दोन जिने उतरून पाचव्यावर यावं लागतं. इतकी वर्षं आमच्यापैकी कुणीही गेलं तरी काका ते दोन जिने बरोबर उतरत, लिफ्ट येईपर्यंत उभे राहत आणि परत चढून जात. त्या दिवशी शैलाताई आल्या. माझा हात धरून हळूहळू, एकेका पायरीवर थांबत. त्यांना ते जिने झेपत नाहीत, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. काका उठले तर वरून खुर्ची सरकल्याचा आवाज येईल म्हणून मी लिफ्टचं दार लागेपर्यंत कान देऊन उभी होते.